१४ एप्रिलचे पत्र

मार्च महिना उजाडला की आमचे फोन वाजू लागतात. वर्षभर ज्यांना आमची आठवण होत नाही, त्यांना अचानक वक्ते हवे असतात. "१४ एप्रिलला मोकळे आहात का? आणि नसाल तर १३ किंवा १५ चालेल." आम्ही जातो. जायलाच हवे. डीजेच्या भिंतीपुढे नाचून घसा बसवण्यापेक्षा चार पोरांपुढे बोलून बसवलेला बरा, असे आमचे मत आहे. त्यावरून आम्हाला आमच्याच वस्तीत शिव्याही बसतात, पण तो विषय वेगळा.

यंदा एका महाविद्यालयाकडून रीतसर पत्र आले. जाड गुळगुळीत कागद, वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका ताईला प्रमुख वक्त्या म्हणून बोलावले होते. विषय त्यांनीच दिला होता : 'जातिअंत आणि आजचा तरुण'. भाषणाची रूपरेषा आधी पाठवावी अशी विनंती होती. ताईने दोन पाने लिहून पाठवली. आठ दिवसांनी दुसरे पत्र आले. रूपरेषा अतिशय अभ्यासपूर्ण असल्याचे त्यात मोठ्या आदराने लिहिले होते. पुढे मजकूर असा की, २२ प्रतिज्ञांचा उल्लेख तूर्त टाळावा, मनुस्मृती दहनाचा भाग संक्षिप्त करावा, धर्मग्रंथांवरची टीका विषयाला सोडून वाटते, तेव्हा शिक्षण, ग्रंथप्रेम आणि संविधान यांवर भर द्यावा. आणि भाषणाच्या शेवटी 'ही माझी वैयक्तिक मते आहेत' असे सांगावे.

ताईने ते पत्र आमच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "हे पत्र मी आधी कुठेतरी वाचलंय."

खरेच वाचले होते. आम्ही सगळ्यांनीच वाचले होते. ते पत्र १४ एप्रिल १९३६ या तारखेचे आहे, लाहोरहून निघालेले आहे, आणि ते ज्यांना आले त्यांचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

एखाद्या माणसाला आयुष्यात आलेले सर्वांत लक्षात राहण्याजोगे पत्र कोणते, असा प्रश्न कुणी केला तर लोक प्रेमपत्र सांगतात, नोकरीचे पत्र सांगतात, वारलेल्या बापाचे शेवटचे पोस्टकार्ड सांगतात. बाबासाहेबांच्या बाबतीत आमचे उत्तर हे लाहोरचे पत्र आहे. त्यांना स्वतःला ते किती आठवत राहिले याचा दाखला त्यांनीच देऊन ठेवला आहे. त्यांनी ते पत्र टराटरा फाडले नाही, टोपलीत टाकले नाही. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला, आपल्या भाषणाच्याही आधी, ते छापून टाकले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडा. भाषण नंतर येते. आधी पत्रे येतात.

आणि आमची तक्रार इथूनच सुरू होते. आमची पोरे हे पुस्तक वाचतात ते थेट भाषणापासून. पुढची पाने 'प्रस्तावना असेल' म्हणून उलटतात. काहींनी तर भाषणातली चार वाक्ये स्टेटसला ठेवण्यापुरतीच वाचलेली असतात. मित्रांनो, ती पुढची पाने वाचल्याशिवाय हे भाषण कधी झालेच नाही, ही साधी गोष्टसुद्धा ध्यानात येत नाही. होय, झालेच नाही. जातिव्यवस्थेवरचे या देशातले सर्वांत धारदार भाषण कोणत्याही मंचावरून दिले गेलेले नाही. ते का दिले गेले नाही, हे त्या पत्रांत आहे.

लाहोरात १९२२ पासून जात-पात तोडक मंडळ नावाची संस्था काम करत होती. आर्य समाजाच्या वातावरणात वाढलेले, बहुतांशी सवर्ण हिंदू सुधारकांचे मंडळ. सहभोजन आणि आंतरजातीय विवाह हा त्यांचा कार्यक्रम. सनातन्यांच्या शिव्या खाणारी ही माणसे होती, हे नीट लक्षात घ्या. आम्ही काशीच्या पंडितांबद्दल बोलत नाही. जे स्वतःला जात मोडणारे म्हणवत होते त्यांच्याबद्दल बोलतो आहोत.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. देशभर खळबळ उडाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ डिसेंबरला, मंडळाचे चिटणीस संत राम यांनी बाबासाहेबांना पत्र लिहिले. म्हणजे येवल्याची घोषणा ठाऊक असताना, पूर्ण शुद्धीत, निमंत्रण दिले. एवढेच नव्हे. ज्या धार्मिक कल्पनांवर जात उभी आहे त्या कल्पनाच नष्ट केल्याशिवाय जात मोडणार नाही, हे बाबासाहेबांचे सूत्र त्यांनी पत्रात उद्धृत केले आणि ते सविस्तर समजावून सांगा, म्हणजे आम्ही ते वृत्तपत्रांतून आणि व्यासपीठावरून लोकांपुढे नेऊ, अशी विनंती केली. विषय त्यांनी दिला. सूत्र त्यांनी निवडले. विस्तार त्यांनी मागितला.

बाबासाहेब तयार नव्हते. सवर्णांच्या सुधारणा परिषदांपासून ते दूरच राहत. मंडळाचा माणूस लाहोरहून मुंबईला आला, आग्रह केला, तेव्हा त्यांनी होकार दिला आणि भाषण लिहायला घेतले.

मार्च १९३६ मध्ये मंडळाचे हर भगवान यांचे पत्र आले. पंजाबातले झाडून सारे हिंदू तुम्हाला बोलावण्याच्या विरोधात आहेत, भाई परमानंद, महात्मा हंसराज, गोकुळचंद नारंग, राजा नरेंद्रनाथ अशा पुढाऱ्यांनी मंडळाच्या या पावलापासून अंग काढून घेतले आहे, असे त्यात होते. तरीही परिषद होणारच, असा सूर होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हर भगवान स्वतः मुंबईला आले. भाषणाचा तयार झालेला भाग घेऊन परत गेले. आणि १४ एप्रिलला लाहोरहून त्यांनी ते पत्र लिहिले.

त्या दिवशी बाबासाहेबांना ४५ वर्षे पूर्ण झाली होती. ते मुंबईतही नव्हते. लाहोरपासून पन्नासेक किलोमीटरवर, अमृतसरला, शीख प्रचार परिषदेत होते. पत्रलेखकाला हे ठाऊक होते. प्रकृती बरी असती तर तिथे येऊन भेटलो असतो, असे ते लिहितात. पुढे भाषणाची स्तुती आहे. संत राम यांना ते फार आवडले, हिंदूंना ते झोपेतून जागे करील, वगैरे. मग हळूच खडा येतो. आमच्या काही मित्रांना एका परिच्छेदाबद्दल थोडी धाकधूक वाटते. परिषद निर्विघ्न पार पडावी असे ज्यांना वाटते त्यांचे म्हणणे आहे की निदान 'वेद' हा शब्द तेवढा तूर्त वगळावा. बाकी तुमच्या सुज्ञतेवर सोडतो. आणि हो, ही मते तुमची स्वतःची आहेत, मंडळ त्यांना जबाबदार नाही, असे शेवटी स्पष्ट करा. १००० प्रती हव्यात, सोबत १०० रुपयांचा चेक जोडला आहे.

'तूर्त'. एक शब्द. आमच्या ताईला आलेल्या पत्रातही 'तूर्त' होता. नव्वद वर्षे होत आली, तूर्त काही संपलेले नाही.

आठ दिवसांत दुसरे पत्र आले, २२ एप्रिलचे. तोवर भाषणाचा उरलेला भाग लाहोरला पोहोचला होता. आता एका शब्दावर भागणार नव्हते. भाषण फार लांबले आहे, एवढे कोण वाचणार? वेदांच्या आणि इतर धर्मग्रंथांच्या नीतिमत्तेवर विनाकारण हल्ला केला आहे, मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. हिंदूंच्या गोटातून बाहेर पडण्याचा उल्लेख एकापेक्षा जास्त वेळा आला आहे, आणि अशी घोषणा वारंवार केली की तिची ताकद जाते. शेवटचा भाग काढा, हवे तर ब्राह्मण्यावर दोन-चार परिच्छेद वाढवा. भाषण उगाच चिथावणारे आणि बोचणारे कशाला करायचे? तुम्ही ऐकले नाही तर परिषद बेमुदत पुढे ढकलावी लागेल. आणि शेवटी, जातीवर आजवर लिहिल्या गेलेल्या सगळ्या ग्रंथांत हा श्रेष्ठ आहे, तुम्ही आमच्या हृदयात घर केले आहे, आम्ही तुमचे सदैव ऋणी राहू!

काय लिहावे याला? भाषण सर्वश्रेष्ठ आहे, म्हणून ते करू नका. ग्रंथ अमोल ठेवा आहे, म्हणून त्याचा शेवट कापा. ज्या सूत्राचा विस्तार डिसेंबरात मागितला, तो विस्तार एप्रिलात 'विषयाबाहेरचा' ठरला. जात मोडायची, पण जिच्यावर ती उभी आहे त्या पायाला हात लावायचा नाही. घर पाडायला गवंडी बोलवायचा आणि पाया राखून पाड म्हणायचे, असला हा मामला. ब्राह्मण्यावर हवे तेवढे बोला, ग्रंथांवर नको, ही त्यातली खास चलाखी. ब्राह्मण्याला शिव्या दिल्या तर प्रत्येक सवर्ण म्हणू शकतो की तो मी नव्हेच. ग्रंथाचे प्रामाण्य नाकारा म्हटले की प्रत्येकाला आपल्या देवघराकडे बघावे लागते.

पत्राचा सूर पाहा. एकही शिवी नाही. धमकीसुद्धा हात जोडून दिलेली आहे. आमच्या तरुणांना शत्रू ओळखायला येतो तो शिव्या देणारा. जो तलवार घेऊन येतो, ट्रोल करतो, पुतळ्याची विटंबना करतो. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. पण जो 'अतिशय अभ्यासपूर्ण' म्हणत म्हणत तुमच्या भाषणाचा शेवट कापतो, त्याच्याविरुद्ध काय काढणार? त्याच्यापुढे आपण विरघळतो. शाल येते, श्रीफळ येते, स्मृतिचिन्ह येते, फोटो येतो, आणि आपण दोन परिच्छेद गिळून घरी येतो.

आता बाबासाहेबांचे उत्तर. २७ एप्रिल १९३६. बेमुदत पुढे ढकलणे वगैरे संदिग्ध शब्द मला आवडत नाहीत, माझ्या भाषणाला कात्री लावायची असेल तर परिषद रद्दच करा, असे त्यांनी सरळ कळवले. अध्यक्षपदाच्या मानासाठी अध्यक्षाचे लेखनस्वातंत्र्य सोडणार नाही. एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे मुंबईतच सांगितले होते, याची आठवण करून दिली. १४ आणि २२ एप्रिलच्या दरम्यान मंडळाने अचानक पलटी का मारली याचे कारण आपले अमृतसरच्या परिषदेला जाणे हेच आहे, हेही तोंडावर सांगितले. आणि आता समितीने भाषण जसेच्या तसे मान्य केले तरी आपण येणार नाही, असे सांगून विषय मिटवला.

हा भाग आमच्या लोकांना फार आवडतो. स्वल्पविरामाचे वाक्य तर टी-शर्टवरही पाहिले आहे. पण त्याच उत्तरात एक भाग आहे जो टी-शर्टवर कधी येणार नाही, आणि आमच्या मते सगळ्यात शिकण्यासारखा तोच आहे. बाबासाहेबांनी मंडळाला केवढी सूट देऊ केली होती ते पाहा. मतांची जबाबदारी माझी एकट्याची, हे त्यांनी आपणहून सांगितले होते. परिषदेला माझे विचार पटले नाहीत तर तिने माझ्या निषेधाचा ठराव करावा, माझी हरकत नाही, असे म्हटले होते. अध्यक्षीय भाषण नको वाटत असेल तर ते उद्घाटनाचे भाषण समजा आणि अध्यक्ष दुसरा कुणी बसवा, इथपर्यंत ते गेले होते. म्हणजे खुर्ची सोडायला तयार, मान सोडायला तयार, निषेध ऐकायला तयार. फक्त मजकूर सोडायला तयार नाहीत.

आमच्या बैठकीत यावरूनच वाजले. आमचे एक काका आहेत, पँथरच्या दिवसांत पोलिसांच्या काठ्या खाल्लेले. आम्हाला वाटले ते म्हणतील, जाऊ नका. ते म्हणाले, "अरे, समोर तीनशे पोरं बसणार. त्यातल्या अडीचशे जणांनी बाबासाहेबांचं एक पान वाचलेलं नसणार. २२ प्रतिज्ञा नाही बोलली म्हणून काय बिघडतं? संविधानावर बोल, त्यातनं दहा पोरं पुढं येतील. तुम्ही नाही गेलात तर ते कुणाला बोलावतील ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. ते अशा माणसाला बोलावतील जो बाबासाहेबांना 'सर्व समाजाचे' करता करता कुणाचेच उरू देत नाही. काकांचा मुद्दा हलका नाही आणि आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. ज्या पोरांना घरी पुस्तक नाही, त्यांच्यापर्यंत अर्धे सत्य पोहोचणे हे काहीच न पोहोचण्यापेक्षा बरे, असे आमच्यातल्या दोघांचे आजही मत आहे.

पण बहुमत ताईच्या बाजूचे झाले, आणि ते भावनेपोटी नाही. अर्धे भाषण म्हणजे पूर्ण भाषणाचा अर्धा भाग, हा समजच चुकीचा आहे. 'शिक्षण घ्या, पुस्तके वाचा, संविधान थोर आहे' एवढेच सांगितले तर ऐकणारा पोरगा काय समजून घरी जातो? जात ही अडाणीपणामुळे आहे, शिकलो की जाईल. बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेल्या भाषणाचे म्हणणे याच्या बरोब्बर उलट आहे. जात पाळणारे हिंदू वाईट किंवा अडाणी आहेत म्हणून ती पाळत नाहीत. ते धार्मिक आहेत म्हणून पाळतात. तेव्हा दोष माणसांचा नाही, त्यांना हे शिकवणाऱ्या धर्माचा आहे, आणि झुंज त्या शास्त्रांच्या प्रामाण्याशी आहे. हा शेवट कापला की उरतो तो निव्वळ अर्धा आंबेडकर नसतो, उलटा आंबेडकर असतो. मंडळाला हे नीट कळले होते. म्हणूनच त्यांनी नेमका शेवट कापायला सांगितला, सुरुवात नाही.

दुसरे असे की, लाहोरची परिषद न झाल्याने नुकसान कुणाचे झाले? मे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती, तमिळ भाषांतरे निघाली, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम होऊ लागली. जुलैत गांधीजींना 'हरिजन'मध्ये दखल घ्यावी लागली. मंडळाने भाषण नाकारले हे चुकले, असे त्यांनीही लिहिले. आठ आणे किंमत जास्त आहे, अशी कुरकुरही केली. (धर्माच्या पायावर सुरुंग लावलेला आणि चिंता किंमतीची!) पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख आणि आपले उत्तर दोन्ही जोडले. शहाण्या माणसाने विरोधकाची पत्रे कशी जपावीत ते इथे शिकावे. आणि ३१ मेला, पुस्तक बाहेर पडल्यावर पंधरा दिवसांनी, मुंबईत आपल्या माणसांच्या परिषदेपुढे त्यांनी धर्मांतराचा प्रश्न सविस्तर मांडला. तिथे कात्री घेऊन कुणी बसलेले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही बाबासाहेब नव्हे. नाहीच. बाबासाहेबांच्या नावावर १५०० प्रती खपतात, आमच्या ताईच्या नावावर दीडशे खपणार नाहीत. हा फरक आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आम्हाला मंच सोडताना जास्त विचार करावा लागतो आणि मंचावर टिकण्याचा मोह जास्त होतो. आमच्यातले कितीतरी चांगले वक्ते याच मोहात संपले. आज प्रतिज्ञा टाळल्या, पुढच्या वर्षी मनुस्मृती टाळली, मग आरक्षण टाळले, आणि पाचव्या वर्षी ते 'बाबासाहेब आणि वेळेचे व्यवस्थापन' या विषयावर बोलताना दिसले. त्यांची नावे आम्ही घेत नाही. ते हा लेख वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

आम्ही महाविद्यालयाला उत्तर लिहिले. ताईने मसुदा केला, काकांनी दोन जागी शब्द सौम्य केले, तेही आम्ही ठेवले. सौम्यपणाला आमची ना नाही. वैयक्तिक मते म्हणून सांगायचे तर आनंदाने सांगू, असे लिहिले. प्रमुख वक्त्या म्हणून नको असेल तर श्रोत्यांतून प्रश्न म्हणून बोलू. वेळ कमी करायची असेल तर चाळीसऐवजी वीस मिनिटे करा. मानधन नको, शाल नको. नंतर कुणा प्राध्यापकाने उभे राहून आमचे म्हणणे खोडून काढले तर उत्तम, पोरांना वाद ऐकायला मिळेल. पण रूपरेषेतला एकही मुद्दा गाळला जाणार नाही. आणि सोबत 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधल्या त्या पहिल्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, लाहोरच्या पत्रांसह, तारखा लाल पेनाने अधोरेखित करून.

त्यावर लेखी काही आले नाही. तीन दिवसांनी फोन आला. कार्यक्रम परीक्षांमुळे पुढे ढकलला आहे, नवी तारीख कळवू. बेमुदत का, असे ताईने विचारले. पलीकडचा माणूस जरा थांबला आणि हो म्हणाला. आम्ही म्हटले, तेवढे लेखी द्या.

१४ एप्रिलला संध्याकाळी ताई वस्तीतल्या वाचनालयात बोलली. साठ-सत्तर माणसे होती, अर्धी बाहेर पायऱ्यांवर. दोन तास चालले. मागच्या रांगेत पाच पोरे बसली होती, गळ्यात त्याच महाविद्यालयाची ओळखपत्रे. त्यांतल्या एकीने शेवटी हात वर केला आणि विचारले, "मॅडम, आमच्या कॉलेजचा कार्यक्रम तर परवाच झाला. तुम्ही का नाही आलात?"

ताईने पिशवीतून दोन्ही पत्रे काढली आणि तिच्या हातात दिली.